बर्फ, कॉकस आणि घरातली आघाडी-बिघाडी

गवती_चहा
१२ जानेवारी २०२४, शुक्रवार

सोमवारपर्यंत घराबाहेर पडू नका, असं हवामान खातं सांगतंय. सोमवारी संध्याकाळी सात वाजता काहीही झालं तरी घराबाहेर पडाच, असं सगळे उमेदवार सांगताहेत. आम्ही आयोवात, डी मॉइनच्या पश्चिमेला राहतो. आठवड्याच्या सुरुवातीचा बर्फ अंगणात तसाच पडून असताना आज पुन्हा वादळ आलंय. शाळा बंद, नवऱ्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर. सकाळी ड्राइव्हवे साफ केला की स्नो प्लाउ येतो आणि तोंडाशी घट्ट बर्फाचा बांध घालून जातो. मग पुन्हा टोपी, पुन्हा बूट, पुन्हा फावडं.

त्यात घरात निवडणूक शिरलीय. इथे माणसं तीन आणि मतंही तीन. चिरंजीव सतरा वर्षांचे आहेत, पण नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होतील, म्हणून त्यांना सोमवारच्या रिपब्लिकन कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या स्थानिक सभेत, मत देता येतं. त्यांना निकी हेलीला मत द्यायचंय. त्यासाठी आधी रिपब्लिकन म्हणून नाव नोंदवावं लागतं, ते दारातच त्याच संध्याकाळी करता येतं. नवरा २००८ पासून नोंदलेला डेमोक्रॅट, त्याला हे एका रात्रीचं पक्षांतर अजिबात मान्य नाही. मी कुठल्याच पक्षात नाही, त्यामुळे दोघंही मला आपल्या बाजूला धरून चालतात.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. काल जुने फोटो चाळताना २००७-०८ चा हिवाळा सापडला. सासूसासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. लेक तिसरीत, चिरंजीव रांगत होते. नवरा नुकताच नागरिक झालेला, मी अजून ग्रीन कार्डावर. म्हणजे एवढ्या भरल्या घरात मताचा अधिकार एकालाच! पण तो हिवाळा आठवला की वाटतं, प्रचार खरा केला तो बाकीच्यांनीच.

डिसेंबरात गोठणारा पाऊस झाला. झाडांच्या फांद्यांवर काचेसारखा थर चढून त्या मोडून पडत होत्या. वीज गेली. सगळे एका खोलीत पांघरुणं घेऊन बसलो होतो, आणि अशा अंधारात भिंतीवरचा फोन वाजायचा. एडवर्ड्स या उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला आवाज, नाहीतर कुठल्यातरी संस्थेची जनमत चाचणी. फोन बाबा, म्हणजे सासरे, घ्यायचे. पहिल्याच वाक्यात 'मी मतदार नाही' असं प्रामाणिकपणे सांगून टाकायचे आणि पुढची वीस मिनिटं इराक युद्धापासून आरोग्य विम्यापर्यंत आपलं मत ऐकवायचे. पलीकडचा मुलगाही बिचारा ऐकून घ्यायचा, त्याच्याकडेही बाहेर बर्फच असणार. सांगलीला जिल्हा परिषदेच्या निवडणुका पाहत मोठे झालेले बाबा, त्यांना इथे येऊन काय करावं हा प्रश्न होता. तो आयोवाने सोडवला. टपालात रोज येणारी पत्रकं त्यांनी उमेदवारवार लावून ठेवली होती.

आई हिलरींच्या. कारण एकच, 'बाई येऊ दे एकदा.' बाबा ओबामांचे, कारण आवाज. दारावर दोन्हीकडची पोरं यायची, बहुतेक परराज्यातली, विशीतली, बूट भिजलेली. मतदार घरी नसला तरी आई त्यांना आत घ्यायच्या. एकदा दोन्ही पक्षांची, म्हणजे एकाच पक्षाच्या दोन्ही गटांची मुलं एकाच वेळी आमच्या स्वयंपाकघरात सुंठीचा चहा पीत उभी होती, आणि एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे बोलत होती. नवरा कामावरून आला तर त्याला बसायला खुर्ची नाही.

३ जानेवारी २००८ ची रात्र लेकीच्या शाळेच्या जिममध्ये. नवरा मतदार, बाबा आणि लेक प्रेक्षक म्हणून कडेच्या बाकड्यांवर. मी का गेले नाही? समोरच्या घरातलं जोडपं कॉकसला जाणार होतं, त्यांची दोन लहान मुलं, शिवाय आमचं रांगतं. तीन पोरं मी सांभाळली. डेमोक्रॅटिक कॉकस म्हणजे गुपचूप चिठ्ठी टाकून घरी येणं नव्हतं. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं, आणि हजर माणसांपैकी १५ टक्के त्या कोपऱ्यात नसतील तर गट बाद. दोनशे माणसं असतील तर तीस हवीत. मग बाद गटातल्या लोकांना बाकीचे ओढायला येतात. दोन तास सहज जातात. टपालाने मत नाही, आधी देऊन ठेवायची सोय नाही. त्या वेळी त्या जागी तुम्ही हजर असाल तरच तुमचं मत.

म्हणून म्हणते, माझं मत नव्हतं, पण माझ्यामुळे दोन मतं पडली. प्रचारवाल्यांनाही हे नेमकं कळलेलं होतं. 'तुमची मुलं आम्ही सांभाळतो, तुम्हाला गाडीने नेतो' असे निरोप यायचे. क्लिंटनबाईंच्या लोकांनी बर्फ उपसायला शेकडो फावडी घेतल्याची बातमी तेव्हा गाजली होती.

नवरा आधी बायडनच्या कोपऱ्यात उभा राहिला. गट बाद! मग एका बाजूने शेजारी, दुसऱ्या बाजूने लेकीची ग्रंथपाल. बाबा बाकड्यावरून मराठीत सूचना देत होते. शेवटी ओबामा. घरी आल्यावर आईंनी विचारलं, त्याने सांगितलं, आणि त्या काही न बोलता पान वाढून आत गेल्या. पुढचे काही दिवस घरातलं तापमान बाहेरच्याशी जुळतं होतं.

तुमच्याकडे असे अनुभव असतील तर लिहा. बर्फ आणि निवडणूक, दोन्ही असलेले हवेत. नुसता बर्फ नको, तो खिडकीबाहेर भरपूर आहे.


तिरकस
१२ जानेवारी २०२४

लेख आवडला. पुण्यात बसून एक मूलभूत शंका. ज्या राज्यात जानेवारीत माणसाने बाहेर पडू नये, त्या राज्यात जानेवारीत संध्याकाळी सातला मतदान ठेवण्याची कल्पना कुणाची? आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात रांगेत उभं करतात, पण त्यात निदान समानता आहे, देशभर सगळेच भाजतात.


गवती_चहा
१२ जानेवारी २०२४

@तिरकस, हवामान बघून कुणी ठरवलेलं नाही. १९६८ च्या शिकागो अधिवेशनातल्या गोंधळानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधी निवडायचे नियम बदलले. आयोवात आधी प्रभाग, मग काउंटी, मग जिल्हा, मग राज्य अशी सभांची उतरंड आहे आणि प्रत्येकीत अंतर ठेवायचं होतं. शेवटच्या सभेपासून मागे मोजत आले तर १९७२ ला पहिली पायरी जानेवारीत गेली. १९७६ ला जिमी कार्टर नावाचे फारसे कुणाला माहीत नसलेले गृहस्थ इथे दारोदार फिरले, आणि पुढे थेट राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हापासून पहिला नंबर सोडायला राज्य तयार नाही. इतर कुठल्याही राज्याच्या किमान आठ दिवस आधी कॉकस झाला पाहिजे असा इथे कायदाच आहे. बाकी राज्यं पुढे सरकतात तसे आम्ही थंडीत आणखी आत सरकतो.

यंदा डेमोक्रॅट्सनी मात्र हे सोडलं. त्यांची पसंतीची कार्डं टपालाने जाणार, निकाल मार्चमध्ये. नवऱ्याचं कार्ड येईल तेव्हा येईल, सध्या टपालगाडीच आलेली नाही.


उत्तरध्रुव
१२ जानेवारी २०२४

मिनियापोलिसहून. तुमच्या वादळाला आम्ही इथे 'हलका शिडकावा' म्हणतो. (हलकेच घ्या.)

बर्फ + निवडणूक म्हटल्यावर माझी एन्ट्री पक्की. १० फेब्रुवारी २०१९, आमच्या सिनेटर एमी क्लोबुशार यांची राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची घोषणा. बूम आयलंड पार्क, मिसिसिपीच्या काठावर, उघड्यावर, आणि बर्फ असा पडतोय की व्यासपीठावरच्या बाईंच्या केसांवर पांढरा थर साचत चाललाय. मी दोन्ही मुलींना घेऊन गेलो होतो. बायकोने साफ नकार दिला होता, 'टीव्हीवर दिसेल' म्हणून. धाकटी पूर्ण वेळ माझ्या जॅकेटच्या आत. भाषणातलं तिला काही आठवत नाही, पण नंतर मिळालेलं हॉट चॉकलेट आठवतं. मोठी त्या दिवसापासून बातम्या बघायला लागली. आता ती मला सांगते की बाबा तुम्हाला सिनेटचे नियम कळत नाहीत.

आमच्याकडेही २०१६ पर्यंत कॉकस होता. त्या वर्षी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये एवढी गर्दी की आत जायला रांग, पार्किंगला रांग, बाहेर यायला रांग. लोक वैतागले आणि २०२० पासून साधी प्रायमरी, म्हणजे नेहमीच्या निवडणुकीसारखं मतदान, आली. आता मी ऑफिसला जाता जाता मत देतो. सोय झाली हे खरं, पण शेजारी कुणाला मत देतो ते आता कळत नाही, याचं थोडं वाईटही वाटतं.


शेवग्याची_शेंग
१२ जानेवारी २०२४

आयोवा सिटीतून +१, आणि थोडं −१ पण.

गवती चहा, तुमची गोष्ट गोड आहे. पण जी माणसं त्या जिममध्ये नव्हती त्यांचंही लिहा. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, संध्याकाळची पाळी. २००८ ला आमच्या विभागात निवडणुकीवर बोलणारे सगळ्यात जास्त आणि कॉकसला गेलेले सगळ्यात कमी. नर्स, सफाईवाले, पेट्रोल पंपावरची मुलं, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेले, ही सगळी यादीतून गळतात. ज्याच्या घरात जास्त हात, त्याचं मत पडतं. तुमच्या घरी सासूसासरे होते म्हणून जमलं. आमच्याकडे दोघंच. नवरा गेला, मी ड्युटीवर, मुलगा त्याच्यासोबत जिमच्या फरशीवर कोटाची उशी करून झोपला.

२०२० ला डेमोक्रॅट्सनी कामगारांसाठी वेगळ्या वेळेचे उपकॉकस ठेवले होते, ती सुधारणा चांगली होती. पण त्या वर्षी निकाल सांगणारं ॲपच कोलमडलं आणि सगळ्यांना फक्त तेवढंच आठवतं.


गवती_चहा
१२ जानेवारी २०२४

@शेंग, पटलं. आमच्या समोरचं जोडपं नशीबवान होतं. त्याच रांगेतली पलीकडची बाई नर्स होती, तिची रात्रपाळी होती. ती चार महिने हिलरींसाठी दारोदार फिरली, आणि त्या रात्री मत देऊ शकली नाही. आईंना ते कळलं तेव्हा माझ्या नवऱ्यावरचा राग थोडा तिकडे वळला. 'हे कसलं मतदान, जिने काम केलं तिलाच दार बंद' असं त्या म्हणाल्या. बाबांचं म्हणणं उलट. 'ही ग्रामसभा आहे. ग्रामसभेला हजर नसलास तर ठराव तुझ्याविना होतो.' त्यावर आई म्हणाल्या, ग्रामसभेला तरी बायका कुठे असायच्या, चुलीपाशीच असायच्या. बाबा गप्प. हा वाद जेवणाच्या टेबलावर पुढे महिनाभर चालला.


पानगळ
१३ जानेवारी २०२४

न्यू हॅम्पशायरकडून थोडं. आयोवानंतर सगळा तंबू आमच्याकडे येतो. (यंदा २३ जानेवारीला.) आमच्या राज्याचाही कायदा आहे, आमची प्रायमरी इतरांच्या किमान सात दिवस आधी. आयोवाचा कॉकस, आमची प्रायमरी, म्हणून दोघं शांततेत नांदतो.

गंमत म्हणजे २००८ ला आमच्याकडे मतदानाच्या दिवशी, ८ जानेवारीला, चक्क ऊब होती. आदल्या महिन्यात कंबरभर बर्फ आणि त्या दिवशी लोक जॅकेट काढून रांगेत. आयोवात तिसऱ्या आलेल्या हिलरी इथे जिंकल्या. तुमच्या सासूबाईंना तेव्हा बरं वाटलं असेल.

आणि बर्फ, घर आणि राजकारण तिन्ही एकत्र हवं असेल तर १९७२ चे डेमोक्रॅटिक उमेदवार एडमंड मस्की. मँचेस्टरमध्ये एका वर्तमानपत्राने त्यांच्या बायकोबद्दल वाईटसाईट छापलं. मस्की त्या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर बर्फ पडत असताना उभे राहिले आणि बायकोची बाजू घेऊन बोलले. बोलताना आवाज भरून आला. वार्ताहरांनी लिहिलं, रडले. ते म्हणाले, गालावर बर्फ वितळत होता. ते इथे जिंकले, पण अपेक्षेपेक्षा कमी फरकाने, आणि पुढे मोहीम घसरली. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ गृहस्थ लहानपणी तिथे होते म्हणतात. त्यांना विचारलं, रडले होते का? तर म्हणाले, तेवढ्या थंडीत माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला तर बायकोही नव्हती.


तिरकस
१३ जानेवारी २०२४

पानगळ, हा किस्सा एक नंबर. बायकोची बाजू घेतल्यामुळे निवडणूक घसरलेला जगातला एकमेव नवरा.


आजोळ
१३ जानेवारी २०२४

तिरकस, तुम्ही 'देशभर सगळेच भाजतात' म्हणालात म्हणून. आपल्याकडेही बर्फामुळे तारीख हलवली गेली होती, आणि तीही पहिल्याच निवडणुकीत. हिमाचलच्या किन्नौरमध्ये, तेव्हाच्या चिनी तहसिलीत, म्हणजे आजच्या कल्पाच्या भागात, २५ ऑक्टोबर १९५१ ला मतदान उरकलं. कारण पुढे खिंडी बंद होणार. बाकीच्या देशातलं बहुतेक मतदान १९५२ च्या सुरुवातीला. म्हणून तिथले शाळामास्तर श्याम शरण नेगी स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, वयाची शंभरी ओलांडून, आणि त्याच्या काही दिवस आधी घरून टपाली मत देऊन.

मी कल्पाला ऑक्टोबरच्या शेवटी गेलोय. होमस्टेच्या मालकीणबाई छपरावर सफरचंदाच्या फोडी सुकवत होत्या. हिवाळ्याची तयारी म्हणजे लाकूड, चारा, सुकवलेली भाजी. तिथे निवडणूक असली तरी ती या कामांच्या मधल्या फटीत बसवावी लागते. शेंग म्हणतात तेच, ज्याच्या घरी हात जास्त तो मोकळा.


नाही_म्हणजे_नाही
१३ जानेवारी २०२४

सगळ्यांचे किस्से छान, पण मूळ मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. गवती चहा, तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. ज्या पक्षाचे तुम्ही नाही, त्या पक्षाचा उमेदवार ठरवायला एका रात्रीपुरतं नाव नोंदवणं म्हणजे शेजारच्या सोसायटीच्या सभेत जाऊन हात वर करण्यासारखं आहे. उद्या त्यांनी तुमच्याकडे येऊन केलं तर चालेल का? मुलाला पहिल्याच वेळी ही शिकवण?


गवती_चहा
१३ जानेवारी २०२४

चिरंजीवांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते: 'मी कुठल्याच सोसायटीत नव्हतो. पहिल्यांदाच फ्लॅट घेतोय. कुठे घ्यायचा ते मी ठरवणार.'

शिवाय तो म्हणतो, बाबा बायडनच्या कोपऱ्यातून ओबामांच्या कोपऱ्यात गेलेच ना. नवरा म्हणाला, ते एकाच घरातलं होतं. मग दोघं तावातावाने आपापल्या खोलीत. घरात हीटर चालू असूनही दारं आपटली की गार वारा येतो.

दुसरे रिपब्लिकन उमेदवार विवेक रामस्वामींचंही सांगायला हवं, कारण इथल्या देसी घरांमध्ये वर्षभर तोच विषय होता. हा माणूस ९९ च्या ९९ काउंट्या दोनदा फिरला. आमच्या ओळखीतल्या एका घरी वडील हेलींचे, मुलगा रामस्वामींचा, आणि आई म्हणते दोन्ही आपलीच पोरं, पण मी घरीच बरी. एकाच कॉकसमध्ये आपल्याकडच्या आडनावांचे आणि माहेरांचे दोन उमेदवार असतील, असं २००८ ला बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं असतं.


उत्तरध्रुव
१४ जानेवारी २०२४

सोमवारसाठी फुकट सल्ला, कारण उणे २० ला गाडी रुसते. बॅटरी जुनी असेल तर आजच चार्ज करून ठेवा. पेट्रोलची टाकी अर्धीच्या खाली नको. डिकीत घोंगडी, फावडं आणि एक पिशवी मांजराची वाळू, चाक बर्फात जागच्या जागी फिरायला लागलं तर तिच्यावर चढतं. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालची कपाटं रात्री उघडी ठेवा आणि नळ थेंब थेंब चालू राहू द्या, नाहीतर लोकशाहीहून परत याल तेव्हा पाइप फुटलेला असेल. मोज्यांवर मोजे घालू नका, बूट घट्ट झाले की पाय जास्त गार पडतात. आणि जीन्स अजिबात नाही. सतरा वर्षांची मुलं जीन्सच घालतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.


तिरकस
१४ जानेवारी २०२४

आज बातम्यांत पाहिलं, ट्रम्प सभेत म्हणाले की आजारी असलात तरी या, मत देऊन मग मेलात तरी हरकत नाही. विनोद होता म्हणे. आमच्याकडचे उमेदवार निदान मतदाराने पाच वर्षं जगावं अशी इच्छा तरी बोलून दाखवतात.


गवती_चहा
१६ जानेवारी २०२४

अपडेट.

गाडी सुरू झाली. (उत्तरध्रुव, धन्यवाद. जीन्स घातलीच, पण आत थर्मल होतं.) नवरा आला नाही. पण कारण तत्त्वाचं नव्हतं. आमच्या डावीकडचं तरुण जोडपं ट्रम्पचं कट्टर. त्यांचं बाळ सहा महिन्यांचं, मोठी चार वर्षांची. त्यांची मुलं सांभाळायला येणारी मुलगी या थंडीत पोचू शकली नाही. त्या शेजाऱ्याचा स्नो ब्लोअर आहे, आणि गेला आठवडाभर दर वादळानंतर तो न विचारता आमचाही ड्राइव्हवे साफ करून देतोय. साडेपाचला तो दारात उभा राहिला तेव्हा नवरा नाही कसं म्हणणार? तर आमच्या घरातला एकुलता एक नोंदलेला डेमोक्रॅट काल रात्री खांद्यावर बाळ घेऊन 'ये रे ये रे पावसा' म्हणत येरझाऱ्या घालत होता, आणि त्याच्यामुळे ट्रम्पना दोन मतं पडली.

मी चिरंजीवांसोबत प्रेक्षक म्हणून गेले. ठिकाण एका चर्चचा हॉल. गर्दी बेताची, कोटांचे ढीग मात्र प्रचंड. रिपब्लिकन पद्धत सुटसुटीत. प्रत्येक उमेदवाराच्या वतीने कुणीतरी उभं राहून दोन-तीन मिनिटं बोलतं, मग कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचं. दारात नाव नोंदवणाऱ्या आजींनी चिरंजीवांचा परवाना पाहिला, 'सतरा?' म्हणाल्या, आणि स्वतःच हिशेब करून खूश झाल्या.

गोची पुढे झाली. हेलींच्या वतीने एक शिक्षिका बोलत होत्या. साडेसात वाजले असतील, आणि हॉलभर खिशाखिशात फोन थरथरले. वृत्तसंस्थांनी ट्रम्प जिंकल्याचं जाहीरही करून टाकलं होतं! आमच्या हॉलमध्ये एकानेही मत दिलेलं नव्हतं. थोडे लोक हसले, थोडे चिडले. एक काका, टोपीवर ट्रम्पचं नाव असलेले, मोठ्याने म्हणाले की मी या थंडीत जुन्या ट्रकमधून आलोय, मी लिहिल्याशिवाय कुणी जिंकत नाही. त्यावर सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या, हेलीवाल्यांनीही.

चिरंजीव माझ्याकडे वळून म्हणाले, 'आई, मग लिहू का नको?' मी म्हटलं, तुझं तू बघ. लिहिलं. मोजणी सगळ्यांसमोर झाली, एकेक चिठ्ठी उघडून. आमच्या हॉलमध्ये हेली दुसऱ्या. राज्यात तिसऱ्या, डिसँटिसच्या मागे. रामस्वामी चौथे, आणि रात्रीच बाहेर पडले. पूर्ण राज्यात १ लाख १० हजारांच्या आसपास माणसं आली म्हणतात. २०१६ ला याच पक्षाच्या कॉकसला १ लाख ८६ हजार होती. थंडी किती आणि निकाल आधीच ठरल्याची भावना किती, हे वेगळं करणं कठीण आहे. माझ्या मते दुसरं जास्त. २००८ ला थंडी होतीच की, तरी डेमोक्रॅट्सकडे २००४ च्या जवळजवळ दुप्पट, दोन लाख चाळीस हजारांच्या घरात लोक आले होते. आमच्या शाळेत फॉर्म संपले होते, बाबा अभिमानाने सांगायचे, जणू त्यांनीच आणलेले लोक.


नाही_म्हणजे_नाही
१६ जानेवारी २०२४

मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं याचं कौतुक. मुद्दा मात्र कायम आहे. आता तो जूनपर्यंत पक्षातून नाव काढतो का ते बघा.


गवती_चहा
१६ जानेवारी २०२४

विचारलं. म्हणाला, इतक्या थंडीत घेतलेला फ्लॅट लगेच विकत नाही.


शेवग्याची_शेंग
१६ जानेवारी २०२४

मंडळी, आमच्या जॉन्सन काउंटीचा निकाल पाहिलात का? ९९ पैकी ९८ काउंट्या ट्रम्पना, आणि आमची हेलींना. फरक किती? एक मत. फक्त एक!

काल आमच्या घरी काय झालं ते सांगते. या वेळी दोघांनाही जायचं होतं. माझी पाळी बदलून मिळाली नाही, म्हणजे पुन्हा नवराच. त्याने हेलींना दिलं. आज सकाळपासून तो भेटेल त्याला सांगतोय की ते एक मत माझं. मी त्याला म्हटलं, काउंटीतला हेलीवाला प्रत्येक माणूस आज हेच सांगत असणार, आणि प्रत्येकाचं खरंच आहे. पण मी गेले असते तर दोनाने जिंकल्या असत्या, हे त्याला ऐकवल्याशिवाय मला राहवलं नाही.

लॅबमधला एक सहकारी ट्रम्पवाला. त्याची गाडी काल सुरू झाली नाही. तो आज कुणाशीच बोलत नाहीये.


उत्तरध्रुव
१६ जानेवारी २०२४

त्याला सांगा, बॅटरीचा सल्ला मी रविवारीच दिला होता. सगळं इथे लिहिलेलं आहे.


पानगळ
१६ जानेवारी २०२४

सगळा तंबू आज आमच्याकडे निघाला. फोन सुरू झालेत. गवती चहा, तुमच्या बाबांचा नंबर द्या, आमचे कॉल तिकडे वळवते.


गवती_चहा
१६ जानेवारी २०२४

बाबा सांगलीत आहेत आणि काल रात्रीचा सगळा निकाल त्यांनी तिथल्या सकाळी माझ्याआधी पाहिला. पहिला प्रश्न, 'नातवाने कुणाला दिलं?' दुसरा, 'आणि तुझा नवरा घरी काय करत होता?' दुसऱ्याचं उत्तर दिलं तेव्हा मागून आईंचं हसणं ऐकू आलं. सोळा वर्षांचा हिशेब चुकता झाल्यासारखं हसत होत्या.


तिरकस
१६ जानेवारी २०२४

पण यजमानांनी ती दोन मतं पाडून दिली, त्याचं पुढे काय? त्यांना पश्चात्ताप वगैरे?


गवती_चहा
१६ जानेवारी २०२४

शेजाऱ्याने आज सकाळी आमचा ड्राइव्हवे पुन्हा साफ करून दिलाय, प्लाउने घातलेल्या बांधासकट. त्यामुळे तो विषय सध्या घरात बंद आहे.